घास भरवणे सोपे असते

कोल्हापुरातल्या एका वृद्धाश्रमात मी नोकरी करते, असे सांगितले की समोरचा माणूस 'पुण्याचे काम करता' असे म्हणून विषय संपवतो. पुण्याचा हिशेब मला ठाऊक नाही. परंतु हे काम शिकावे लागते आणि मदत कोठे थांबवायची हे ओळखणे हाच त्यातला सर्वांत अवघड भाग आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आमच्याकडे तरुणपणी तालमीत वाढलेले एक आजोबा आहेत. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. रोज सकाळी ते पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने सदऱ्याची बटणे लावतात. अंगठ्याने काज रुंद करायचे, बटण अर्धे आत ढकलायचे, ते निसटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. कोणी हात पुढे केला की 'मी लावतो की, गप बस जरा' असे ऐकून घ्यावे लागते. मी ती बटणे मिनिटभरात लावू शकते, आणि अंघोळी, डायपर, वेण्या, नाश्ता हे सारे एकाच वेळी अंगावर आलेले असताना तसे करण्याचा मोह रोज होतो. मात्र चार दिवस आपण बटणे लावली की पाचव्या दिवशी माणूस हात उचलतच नाही, हे या कामात लवकर कळते. भेटीला आलेल्या नातेवाइकांना हे पटवणे कठीण जाते. 'एवढे पैसे भरूनही त्यांनाच करावे लागते का?' हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

याउलट काही ठिकाणी मदतीत कसूर चालत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते; एअर बेड असला तरी त्यातून सुटका नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा येथली कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही तो लालपणा गेला नाही, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. गिळण्याचा त्रास असलेल्यांना पातळ पदार्थाचाच ठसका अधिक लागतो. त्यामुळे पांढरा रस्सा असला की अशा आजी-आजोबांसाठी तो मऊ भातात दाटसर कालवावा लागतो, त्यांना ताठ बसवून लहान घास द्यावे लागतात आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नसते. कोल्हापूरकराला रस्सा वाटीने पिऊ नका म्हणून सांगणे हे काय प्रकरण आहे, ते येथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल तिन्हीसांजेला वाढते. एक आजी पिशवी भरून दाराशी येतात आणि 'गारगोटीची गाडी लागली काय गं?' असे विचारतात. 'तुमचे घर आता येथेच आहे' असे सांगितले की त्या रडतात. आमच्या जुन्या मावशी मात्र 'लागली की हाक मारतो, तवर च्या घ्या' म्हणतात आणि चहासोबत निवडायला मेथीची जुडी पुढे ठेवतात. असे बोलणे खोटेपणाचे आहे, असा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे माणसे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणाऱ्या निवासाची तरतूद आहे. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला किती हात यावेत, याचा आकडा त्या कलमात नाही. हात कमी पडले की सर्वांत आधी बटणांचा वेळ जातो, आणि वरवर पाहता कोणाची गैरसोय झाल्याचे दिसतही नाही.

दाखल करताना रक्तदाब, साखर, गोळ्या यांची माहिती सगळे देतात. चहा बशीत ओतून लागतो का, अंघोळीआधी पोटात काही जाते का, हाक कोणत्या नावाने मारलेली आवडते, हे विचारणारे एक वेगळे पान आम्ही फाइलला जोडले आहे. बहुतेक नातेवाईक ते कोरेच परत देतात आणि पुढे महिनाभरात आमच्या मावशीच ते भरतात.