परका सूर

जर्मनीतल्या एर्फुर्टहून अर्नस्टाट हे गाव अगदी जवळ, तरी चार रविवार आळसात घालवून पाचव्या रविवारी गेलो. बाजारचौकात जर्मन संगीतकार बाखचा पुतळा आहे, १९८५ साली बसवलेला. केसांचा टोप घातलेले भारदस्त म्हातारबोवा डोक्यात होते. इथं पाय पसरून, मागं रेलून बसलेला पोरगा. कट्ट्यावरच्या टवाळांत सहज खपेल.

पोरगाच होता म्हणा. १७०३ साली अठराव्या वर्षी त्याला इथल्या नव्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी लागली. दोन वर्षांनी चार आठवड्यांची रजा घेऊन तो ल्यूबेक शहरात नामांकित ऑर्गनवादक बुक्सटेहुडेचं वादन ऐकायला गेला. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेही पायी. परतला चार महिन्यांनी! २१ फेब्रुवारी १७०६ रोजी कन्सिस्टोरियमनं, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळानं, त्याला समोर उभं केलं. रजेचा विषय झाला, मग खरी तक्रार निघाली: कोरालमध्ये, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक भक्तिगीतात, तू चमत्कारिक फिरत करतोस, परके सूर मिसळतोस, लोक गोंधळतात.

हे वाचल्यावर मी आधी मंडळाच्या बाजूनं झालो. खरं सांगतो. बारा वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलीय. एकदा भूप रागातल्या अभंगात त्या रागात नसलेला तीव्र मध्यम हळूच लावला. मला गंमत वाटली. टाळकरी मात्र बावरले आणि धृपद लंगडलं. बुवा तेव्हा काही बोलले नाहीत. प्रसाद वाटताना म्हणाले, "बाळा, पेटीवाल्यानं मागं राहायचं." आठवडाभर मी धुसफुसत होतो.

कोरालही सगळ्यांनी मिळून गायचं असतं. ऑर्गनचा आधार सुटला तर लोकांनी काय करायचं?

पण मंडळाची पुढची सूचना वाचून हसूच आलं. परका सूर घ्यायचाच असेल तर त्यावर थांब, लगेच दुसरीकडे पळू नकोस, असं त्याला बजावलंय. आपल्याकडे नेमकं उलट शिकवतात: विवादी, म्हणजे रागाबाहेरचा, स्वर घ्यायचाच तर नुसता स्पर्श करून निघून यावं. कुठं थांबावं आणि कुठून निसटावं हे वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतं, ते कागदावर हुकूम म्हणून कसं उतरायचं?

त्याच चौकशीत विद्यार्थी-गायकांच्या म्होरक्यानं सांगितलं, की बाख पूर्वी फार लांबण लावायचा. सुपरिंटेंडंटनी, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, टोकल्यावर एकदम फारच आखूड वाजवायला लागला. ही रुसण्याची पद्धत माझ्या ओळखीची. बुवा बोलल्यानंतर मीही पुढच्या एकादशीला नुसता षड्ज-पंचम धरून बसलो होतो.

नोव्हेंबरात पुन्हा बोलावणं. मुलांना घेऊन गायन-वादन करणार की नाही? उत्तर: लेखी कळवतो. शिवाय चर्चच्या सज्जात एका परक्या मुलीला गाऊ दिल्याबद्दलही विचारणा झाली. पुढच्याच वर्षी, १७०७ मध्ये, तो म्यूलहाउझेन या दुसऱ्या गावी निघून गेला.

परतीच्या गाडीत त्याच्या रचनांच्या सूचीतलं '७१५' क्रमांकाचं कोराल लावलं. ते याच काळातलं मानतात. एक ओळ संपली, की दुसरी सुरू व्हायच्या आत तानेसारखं काहीतरी सर्रकन धावत येतं. चाल पाठ करून ठेवली होती, म्हणून हलक्या आवाजात सोबत गायला लागलो.

दुसऱ्याच ओळीला चुकलो.