मावशींचा डावा हात

मंगळवारी दुपारी रेडिएशन विभागातून फोन आला. "एक पेशंट पाठवतोय. प्लॅनिंग होत नाहीये, हात वर जात नाही." सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना असा फोन मला अधूनमधून येतोच, आणि दर वेळी जीव खालीवर होतो. प्लॅनिंग म्हणजे किरण कुठून, कसे द्यायचे ते आधी आखून घेणं. छातीला रेडिएशन द्यायचं तर हात डोक्याच्या वर नेऊन, न हलवता ठेवावा लागतो. किरणांच्या वाटेत दंड येता कामा नये. हात वर गेला नाही की उपचार लांबतो.

मावशी बार्शी तालुक्यातल्या, वय 54. सोबत धाकटा मुलगा. सात महिन्यांपूर्वी डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढलेल्या, मग केमो. डोक्याला रुमाल होता, तोही सुनेनं बांधलेला, कारण हात तिथवर पोचतच नव्हता. मी मोजला. बाजूनं जेमतेम 70 अंश. त्यापुढे नेला की काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक दोरी उभी राहायची, सुतळीसारखी ताठ, बोटाला स्पष्ट लागणारी.

"शीर आखडलीया," मावशी म्हणाल्या. "वढली तर तुटंल म्हणून पोटाशीच धरते हात."

शीर नव्हती ती. काखेतल्या गाठी काढल्यावर काही बायकांना अशी दोरी येते, आम्ही तिला कॉर्डिंग म्हणतो. दुखते, घाबरवते, पण बेतानं ताणत गेलं की सुटते. हात पोटाशी धरून ठेवला तर मात्र खांदाही धरतो.

"हलवायचा नाही असं सांगितलं कोणी?"

"घरी सोडताना सांगितलं की, या हातानं कायबी उचलायचं न्हाई, सूज येईल. मग जाऊबाई, शेजारणी, समद्या त्येच म्हणायल्या."

मला मनापासून राग आला, पण मावशींवर नाही. हा सल्ला किती बायकांचे खांदे जखडून बसलाय! 2009 साली अमेरिकेत 141 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हाताची सूज आधीपासूनच होती. त्यातल्या ज्यांनी देखरेखीखाली, अगदी हळूहळू वाढवत वजनं उचलली त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. हे कळून इतकी वर्षं झाली, तरी गावातल्या बाईच्या कानावर अजून "हात जप" एवढंच पडतं.

मुलगा मधेच म्हणाला, "मॅडम, मोबाईलवर बघितलं, योगानं कॅन्सर बरा होतो. मग रेडिएशन कशाला?"

मी हातातलं काम थांबवलं. "नाही. योगानं झोप लागेल, केमोचा थकवा कमी होईल, हात मोकळा होईल. कॅन्सरला रेडिएशनच लागणार. आणि ते घेता यावं म्हणूनच आपण हा हात वर नेतोय." तो गप्प झाला. त्याला आईला वेदना होऊ द्यायच्या नव्हत्या, एवढंच होतं ते.

दोघं सोलापुरातच नातेवाइकांकडे राहिली. रोज सकाळी मावशी भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि बोटं एकेक करत वर चालवायच्या. जिथवर पोचतील तिथं मी पेन्सिलीनं रेघ ओढायची. श्वास सोडताना हात सरकवायचा, घेताना थांबायचं. शेवटी शवासन आणि भ्रामरी. दिवसभर पडून राहायची सवय लागलेली, म्हणून संध्याकाळी मुलासोबत दहा मिनिटं चालणं.

तीन दिवसांत रेघा फारशा वर सरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी सहज विचारलं, "मावशी, दोन्ही हात डोक्यावर नेऊन तुम्ही कधी काय धरायचा?"

"तुळस," त्या लगेच म्हणाल्या. "दिंडीत. सात वर्षं मीच घ्यायची."

मी मुलाचा रिकामा जेवणाचा डबा त्यांच्या डोक्यावर ठेवला. उजवा हात सहज गेला. डावा कानाजवळ येऊन थरथरत थांबला. पण त्यांची मान सरळ झाली, पाठ ताठ झाली. गेले चार दिवस "छाती उघडा, खांदे मागे घ्या" असं सांगून जे जमलं नव्हतं, ते त्या डब्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी मी काखेत हलक्या हातानं ती दोरी ताणत होते आणि अंगठ्याखाली बारीकसं टक् झालं. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. "तुटली का ताई?" डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "मोकळी झाली. आता हात न्या बरं." हात गेला, कानाच्या पुढं गेला. 70 वरून 105. असं होतं कधीकधी, पण होईलच असं नाही. मी ते मुद्दाम करायला जात नाही. मावशी हाताकडे बघत राहिल्या आणि मग स्वतःच्या दोन्ही हातांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. गाठ वाकडी बसली. मी ती नीट केली नाही.

पुढच्या शुक्रवारी प्लॅनिंग झालं. बाहेर आल्या तेव्हा बोटं चोळत होत्या. "मुंग्या आल्या, पर हात सोडला न्हाई. इठ्ठलाचं नाव घेत पडले."

रेडिएशन 15 दिवसांचं ठरलं. जाता जाता त्यांनी विचारलं, खरी तुळस कधी घ्यायची? मी सांगितलं, रेडिएशन संपून कातडी बरी होऊ दे, तोवर भिंत सोडायची नाही. मग आधी रिकामं वृंदावन घ्यायचं, मातीशिवाय. हात जड वाटला, सूज दिसली तर थांबून मला फोन. नाहीतर दर आठवड्याला माती वाढवायची.

"किती?"

"एक मूठ."

"माझी का तुमची?" त्यांनी डावी मूठ पुढं केली. मी म्हटलं, हीच.