मान नसलेला मोर

भाची पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आली, ती स्वतःपेक्षा रुंद पेटी घेऊन. रिक्षावाल्याने पेटी वाजवून बघितली. "ह्यात काय हाय ओ मामा?" चेलो, म्हणजे बसून गजाने वाजवायचं थोरलं व्हायोलिन, म्हटल्यावर, रोज दोन-तीन चेलो ने-आण करत असल्यासारखी त्याने मान हलवली आणि दोन सवाऱ्यांचे पैसे लावले.

पुढच्या महिन्यात पुण्यात तिचा कार्यक्रम आहे. चेलो आणि पियानो, देशोदेशीच्या संगीतातून सुचलेल्या रचना. साथीची मैत्रीणही आली होती, पण साखर पेठेत पियानो कुठून आणणार, म्हणून की-बोर्ड. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या बैठकीत तालीम ठरली. श्रोते तीन: मी, आमची ही आणि शेजारच्या अक्का.

पहिली अडचण फरशीची. चेलोला खाली एक टोकदार दांडी असते, तिच्यावर तो उभा राहतो. आमची शहाबादी फरशी म्हणजे पन्नास वर्षं पुसून पुसून आरसा झालेली. दांडी सुर्रकन घसरायची. हिने शेवटी ट्रंकेतून जुनी चादर काढली, चार घड्या घातल्या, एक टोक खुर्चीच्या पायाखाली दाबलं आणि म्हणाली, "रोव बिनधास्त."

चादर बघितली आणि माझं वाजवण्याकडचं लक्ष गेलं.

वडील चादरीच्या कारखान्यात होते. सोलापुरी चादर जगभर गेली, आता मानांकन वगैरेही आहे, पण आमच्या घरात एकही धड चादर कधी आली नाही. यायचा तो डागी माल. कुठे तेलाचा ठिपका, कुठे धागा सुटलेला. ह्या चादरीत तर जकार्डचे, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राचे, ओळीने कितीतरी पुठ्ठे गळलेले. पुठ्ठ्याला भोकं असतात, त्या भोकांबरहुकूम उभे धागे वर उचलले जातात आणि नक्षी उठते. पुठ्ठे गळले, मोराची मान गेली. धड थेट डोक्याला चिकटलेलं. लहानपणी रात्री पांघरुणात बोटाने तो मोर शोधायचा आणि सापडला की झोपायचं, अशी माझी सवय होती. लग्नानंतर नवी कोरी चादर मिळाली, तर आठवडाभर झोप लागेना.

तोवर भाचीने तारा लावल्या होत्या. चार तारा, प्रत्येक आधीच्या तारेचा पंचम. गजाला राळ घासली. सुरुवात रोमानियातल्या नाचांनी, बार्टोकचे. मग ब्रुखची 'कोल निद्राय', १८८० सालची. मूळची ज्यूंची प्रायश्चित्ताच्या दिवसाची प्रार्थना, लिहिणारा मात्र प्रोटेस्टंट. चेलो तीन-तीन स्वर म्हणतो आणि थांबतो. तीन म्हणतो, थांबतो. आवंढा गिळत बोलणाऱ्या माणसासारखा. शेजारच्या कारखान्यातले माग एकीकडे खडखडत होतेच. भाची वैतागली होती. मला त्या खडखडाटाशिवाय कुठलंच गाणं पुरं वाटत नाही, हे तिला कोण सांगणार. (माग आणि संगीत म्हटल्यावर इथे सुरांच्या उभ्या-आडव्या धाग्यांबद्दल काहीतरी लिहायला हवं, पण ज्याच्या घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या जायच्या त्याला असलं सुचत नाही.)

मग स्पेन. मान्युएल दे फाया याने १९१४ साली पॅरिसमध्ये सात स्पॅनिश लोकगीतं आवाज आणि पियानोसाठी बांधली. त्यातली सहा पुढे चेलोकडे आली, गायिकेच्या जागी चेलो. पहिलं झालं, दुसरं सुरू झालं. ती अंगाई, तिचं नाव 'नाना'. ही मला म्हणाली, "तुमचे नाना तिकडं पोचले की." आणि लाइट गेली.

की-बोर्ड गप्प. माग एकामागून एक बंद पडले, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. भाची मात्र थांबली नाही. एकटा चेलो, घाम, आणि सोलापूरची दुपार. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या.

अक्का मला बारा वर्षांनी मोठ्या. मी तिसरीत असताना त्या सासरहून परत आल्या आणि मग गेल्याच नाहीत. कांड्या भरल्या, पुढे चादरी तपासायच्या कामाला लागल्या. तळहात फिरवून चूक सांगायच्या. त्या आल्या तेव्हा आमच्या ओट्यावर बायका त्यांच्याविषयी हळू आवाजात बोलायच्या. त्यात 'डागी' हा शब्द मी ऐकला होता. मला वाटलं, अक्काही वडलांसारख्या चादरी घेऊन आल्या असतील. किती आणल्या, म्हणून त्यांना विचारायलाही गेलो होतो. तेव्हा त्या काय म्हणाल्या ते आठवत नाही. लाडू दिला होता, एवढं आठवतं.

लाइट आली, माग सुरू झाले. अक्कांनी विचारलं, "नानाच्या आधीचं ते कशाचं गं? चांगलं होतं की."

"ते कापडाचं गाणं आहे, अक्का. दुकानातल्या तलम कापडावर डाग पडला, म्हणून ते कमी भावात विकतात. त्याची किंमत गेली."

अक्का खाली वाकल्या. दांडीशेजारच्या त्या मोरावरून त्यांनी बोट फिरवलं.

"डाग कशाचा?" त्यांनी विचारलं. "तेलाचा असला तर निघतो की."

भाची हसली. "तसं नाही हो. ते खरं कापडाबद्दल नाहीच आहे. म्हणजे एक मुलगी असते..."

"तुझा तो टँगो राहिलाय ना," मी म्हणालो, "तो घे आधी. लाइटचा काही भरवसा नाही."