दोन बाय एक बाय एक

दुपारचे अडीच. माशांच्या दुकानात मी, लेक आणि काउंटरमागे डबा खात बसलेला मालक. भिंतीभर काचेच्या पेट्या आणि सगळ्यांमधून एकच बुडबुड. नववीत चांगले मार्क पडले तर काय, हे मी मागे कधीतरी बेसावधपणे कबूल केलं होतं, त्याची ही वसुली.

मालकानं उजव्या हातातला घास तसाच ठेवून डाव्या हातानं एक गोल बोल पुढे सरकवला. “ताई, हा घेऊन जा. एक फायटर मासा सोडायचा. ना पंप, ना फिल्टर, ना कटकट.”

मला गोल बोलची चीड आहे. कारणं भरपूर आहेत, पण चीड आधीची, कारणं नंतर गोळा केलेली. फायटर पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळी सोय असते, हे खरं. म्हणून तो एवढ्याशा पाण्यातही तग धरतो. तग काय, लोकलच्या दाराला लटकूनही माणूस धरतो. बाकीच्या माशांना मात्र पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच भागवावं लागतं आणि तो आत शिरतो पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून. बोल गळ्यापर्यंत भरला की तो पृष्ठभाग बशीएवढा उरतो. वर काचेला बाक, त्यामुळे मासा वळला की मधेच बटाटा दिसतो.

कऱ्हाडच्या घरी परसात हौद होता. हिवताप खात्याचा माणूस एकदा डबा घेऊन आला आणि त्यानं हौदात गप्पी ओतले. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे गावातल्या भिंतीवर रंगवलेलं होतं, त्यामुळे ते आले तेव्हा ओळखीचेच वाटले. डासांच्या अळ्या खायच्या एवढंच त्यांचं काम. हौदातला मासा वरून दिसतो. वरून गप्पी म्हणजे काड्यापेटीतली काडी, मातकट, सरळ. उन्हाच्या वेळी माशापेक्षा तळावर पडलेली त्याची सावली जास्त ठसठशीत दिसायची. आई धुण्यासाठी बादली बुडवायची, त्यात एखादा यायचा, आणि त्याला ओंजळीत धरून परत सोडायचं काम माझं.

एकदा मी सोडला नाही. हॉर्लिक्सची रिकामी बाटली विसळून त्यात ठेवला आणि खिडकीत उजेडासमोर धरला. शेपटीवर नारिंगी ठिपका होता. पोटाजवळ काळा टिंब, आणि त्याच्या मागे एक निळी रेघ, मासा हलला की लागणारी आणि थांबला की विझणारी. दोन वर्षं मी ज्यांना काड्या समजत होते ते असे होते! (हे नराचंच. मादी मोठी आणि साधी, पण तेव्हा कोण सांगणार.) बाटली खिडकीतच ठेवली. रात्री झाकण घट्ट लावलं. मांजर येईल म्हणून.

सकाळी आईनं काही विचारलं नाही. मीही बरेच दिवस हौदाकडे फिरकले नाही.

“मग हा घ्या,” मालक म्हणाला. हा म्हणजे पुढून गोलसर वळवलेला, उभा, उंच टँक. लेकीचे डोळे चमकले. दिसायला देखणाच. पण एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये जेवढं पाणी मावतं, तेवढंच तो आडवा केला तरी मावतं. दोन्हींत साधारण सत्तावन्न लिटर. आडव्याला पृष्ठभाग मात्र दुप्पट मिळतो, आणि माशाला सरळ पोहायला दोन फूट. लेकीला हवे होते निऑन टेट्रा, म्हणजे इंच-सव्वा इंचाची जनता, थव्यानं राहणारी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालणारी. त्यांना जिना नको, व्हरांडा हवा. शिवाय उंच टँकच्या तळातलं काही उचलायचं तर खांद्यापर्यंत बाही वर. दोन बाय एक बाय एक, साधा चौकोनी, बस्स.

मालकानं हार मानली, पण तेवढ्यात प्लास्टिकच्या पिशवीत अंगठ्याएवढा सकर दाखवला. “काच साफ ठेवतो, ताई.” ठेवतो की. आणि वाढून फूटभर होतो. मग घरात मावत नाही म्हणून लोक त्याला नदीत ‘मुक्त’ करतात आणि उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात मासळीऐवजी हा काटेरी सकर येतो. मी नको म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, लेक दुसरीकडे बघायला लागली.

घरी आल्यावर जागेचा वाद. सासूबाईंच्या मते ईशान्य. ईशान्येला आमची खिडकी आहे आणि सकाळचं ऊन थेट पडतं, महिनाभरात शेवाळाची शेती झाली असती. समोरच्या काकूंनी आठ सोनेरी आणि एक काळा असा शुभ माशांचा हिशेब सांगितला. टीव्हीच्या कपाटावर ठेवू म्हणावं, तर पाणी, वाळू, काच मिळून वजन पाऊणशे किलोच्या घरात जातं. म्हणजे एक धडधाकट पाहुणा त्या प्लायवर कायमचा मांडी घालून बसवायचा. शेवटी हॉलमधल्या कडाप्प्याच्या कट्ट्यावरची वर्तमानपत्रांची रद्दी हलली. बारा वर्षं मी जे सांगून झालं नव्हतं ते माशांनी, तेही यायच्या आधीच, करून दाखवलं.

आता टँकमध्ये पाणी आहे, फिल्टर आहे, दोन झाडं आहेत, मासे नाहीत. महिना-दीड महिना नाहीत. माशाच्या अंगातून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू आधी फिल्टरमध्ये वस्तीला यायला हवेत, नाहीतर नवे मासे आठवड्यात उलटे. मैत्रिणीच्या जुन्या टँकमधल्या स्पंजचा एक मळका तुकडा मागून आणलाय, विरजण म्हणून. आणि त्या न दिसणाऱ्या मंडळींना जेवायला हवं, म्हणून लेक रोज संध्याकाळी रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकते. पहिल्या दिवशी सासूबाई बघतच राहिल्या. “पितरांना ठेवतात तसं हे,” म्हणाल्या. आता साडेसहाला त्याच आठवण करतात.

येणारा प्रत्येकजण वाकून विचारतो, मासे कुठे आहेत. आम्ही सांगतो, अजून यायचेत. तरी तो चहा संपेपर्यंत तिकडेच बघत बसतो.

परवा रात्री लाइट गेले. पंखा थांबला त्यानं कोणाला जाग आली नाही. फिल्टरची बुडबुड थांबली आणि आम्ही चौघं अंधारात कट्ट्यापाशी उभे. लेकीनं मोबाइलचा टॉर्च लावून टँकच्या बाजूनं आत धरला. झाड होतं, वाळू होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, “झाकण जरा उघडं ठेव गं.”