रानफुलांचे फोटो आणि आयनॅचरलिस्ट : माझा अनुभव

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की तू ते रानफुलांचे फोटो दर आठवड्याला टाकतेस ते नक्की कुठे आणि कसे, आम्हालाही करायचंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. मी साताऱ्यात राहते, शिक्षण कॉमर्सचं, नोकरी अकाउंट्सची, बॉटनीशी दुरूनही संबंध नाही. फोटो मोबाईलवरच काढते, साधा अँड्रॉइड फोन आणि त्याला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्ट जवळून मोठी दाखवणारी, बास. डीएसएलआर या कामाला लागत नाही. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो म्हणून आधीच सांगून टाकलं.

पावसाळ्यात साताऱ्याच्या माणसाला फुलांसाठी लांब जावं लागत नाही. यवतेश्वरचा घाट चढला की रस्त्याच्या कडेलाच सुरुवात होते, पुढे कास, दुसऱ्या बाजूला सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. फोटो काढायची आवड होतीच, ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे, मस्त, वॉव, चार-पाच अंगठे, विषय संपला. पण मला हवं होतं नाव. हे कोण आहे, हे इथेच का उगवतं आणि पलीकडच्या उतारावर का नाही, हे कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. मग भाचीने आयनॅचरलिस्ट नावाचं अ‍ॅप फोनवर टाकून दिलं.

थोडक्यात सांगते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू केलं आणि आता जगभरातले लोक त्यावर आपापल्या भागातली झाडं, किडे, पक्षी, बुरशी काय दिसेल ते टाकतात. आपण फोटो, तारीख आणि जागा द्यायची, ज्याला ओळखता येतं तो नाव सुचवतो, दुसरा त्याला दुजोरा देतो किंवा नाही म्हणतो. निदान दोघांचं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं स्पीशीजच्या म्हणजे नेमक्या जातीच्या नावावर एकमत झालं की त्या नोंदीला रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनाला चालेल असा दर्जा मिळतो, आणि लायसन्स मोकळं, म्हणजे इतरांना वापरू देणारं, ठेवलेलं असेल तर ती पुढे जीबीआयएफ नावाच्या जागतिक डेटाबेसमध्ये जाते, त्याचं ऑफिस कोपनहेगनला आहे. म्हणजे ठोसेघरच्या वाटेवर मी छत्री मानेत धरून काढलेला फोटो उद्या कुठल्यातरी संशोधकाच्या नकाशावर एक ठिपका होऊन बसतो. मला हे फार मोठं वाटतं, आजही वाटतं.

आता मुख्य गोष्ट. इथे फोटो सुंदर असण्यापेक्षा उपयोगी असणं महत्त्वाचं. हे मला तेरड्याने शिकवलं. आपण सगळ्यालाच तेरडा म्हणतो पण सह्याद्रीत त्या गोत्रातले कितीतरी प्रकार आहेत, इम्पेशन्स हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, गुलाबी, पांढरे, जांभळट, एक डॅलझेली नावाचा चक्क पिवळा, एक ओल्या खडकाला चिकटून येतो त्याला धड खोडच नसतं. मी एक गुलाबी तेरडा टाकला, समोरून काढलेला, पाकळ्यांवर थेंब वगैरे. एका निवृत्त प्राध्यापकांनी खाली लिहिलं, ताई, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? आणि फुलाच्या मागची शेपटी दिसेल असा बाजूने फोटो आहे का? शेपटी! मी इतकी वर्षं तेरडा बघत आलेय पण त्याच्या मागे अशी बारीक वाकडी नळी असते आणि तिची लांबी आणि वळण बघून तेरडे वेगळे करतात हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी त्याच जागी गेले आणि बाजूने, मागून, पानांच्या जोडीचा, खोडाचा असे फोटो काढून त्याच नोंदीच्या खाली दुवा दिला. सरांनी रात्रीच उत्तर दिलं, आता सांगता येईल, अपोझिटिफोलिया. पानं समोरासमोर म्हणून नावही तेच.

तेव्हापासून एका झाडाचे फोटो काढायची माझी पद्धतच ठरून गेलीय. आधी लांबून अख्खं झाड, ते कशात उगवलंय, कातळावर, पाण्यात, गवतात, हे दिसलं पाहिजे. मग फूल समोरून, फूल बाजूने, फुलाच्या मागचा हिरवा भाग म्हणजे कॅलिक्स, त्यावर केस आहेत का, पान वरून, पान उलटं करून खालून, पान खोडाला जिथे चिकटतं तो सांधा, आणि फळ किंवा शेंग धरली असेल तर तीही. पठारावरच्या वाऱ्यात बारीक फूल फोकसमध्ये येतच नाही, त्यावर माझा उपाय म्हणजे डावा तळहात फुलाच्या मागे धरायचा, फोन तळहात बघून फोकस पकडतो, मग स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करायचा आणि हात काढून घ्यायचा. फार वारा असेल तर हात राहू द्यायचा. हात दिसला तरी काही बिघडत नाही, उलट बोटाच्या मानाने फूल केवढं आहे ते कळतं. तारीख आणि जागा फोन आपोआप नोंदवतो, फक्त लोकेशन चालू ठेवायचं. आणि कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो वापरू नका, त्यातली तारीख-जागेची माहिती उडालेली असते, आणि मुळात जे आपण स्वतः पाहिलं तेच टाकायचं असतं. कुंडीतलं, बागेत लावलेलं टाकलंत तर ते लागवडीचं आहे अशी खूण करा, नाहीतर अबोलीची कुंडी जंगलातली म्हणून नोंदली जाते.

अ‍ॅप स्वतः फोटो बघून नाव सुचवतं. युरोप-अमेरिकेतल्या फुलांना ते चांगलं जमतं, आपल्याकडच्या पठारावरच्या बारीक फुलांना कधी जमतं कधी नुसतं जवळपास येतं. मी स्पीशीज निवडायची घाई करत नाही, जेवढी खात्री तेवढंच लिहिते, तेरडा आहे एवढं माहीत असेल तर इम्पेशन्स लिहून थांबते. खालच्या पातळीला लोक नेतात. नुसतं अज्ञात ठेवलं तर मात्र ते त्या त्या गटाच्या जाणकारांपर्यंत पोचतच नाही, म्हणून निदान फुलझाड एवढं तरी लिहाच.

सप्टेंबरात कासला सगळे ज्याला मिकी माऊस म्हणतात ते कवल्याचं पिवळं फूल, जीनस स्मिथिया, त्याचे पण लांबून एकसारखे दिसणारे प्रकार आहेत. कुणाच्या पाकळीवर लाल ठिपके, कुणावर नाहीत, पण खरी परीक्षा कॅलिक्सवर, त्याचे राठ केस कसे आणि शिरा कशा. जमिनीवर पालथं झोपून, लेन्स फुलाला जवळजवळ टेकवून तो कॅलिक्स पहिल्यांदा स्क्रीनवर मोठा दिसला तेव्हा मी किती वेळ तशीच पडून होते, अंगाखालून पाणी वाहत होतं तरी. त्यातलं एक स्मिथिया आघारकरी, पुण्याच्या आघारकर संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं नाव दिलेलं, ते मूळचे मालवणचे. मला ते अजून सापडलेलं नाही, शोधतेय.

काही नोंदी वर्षानुवर्षं अडकतात हेही सांगायला हवं, नाहीतर नवीन माणूस नाराज होतो. गेंद माहीत असेल, पठारावर पांढऱ्या गोंड्यांचा गालिचा असतो तो, इरिओकॉलॉन. त्याची स्पीशीज ठरवायला आतली इवलीशी फुलं सोडवून बघावी लागतात, बिया मायक्रोस्कोपखाली, मोबाईलचा फोटो कितीही चांगला असला तरी पुरत नाही. माझे बहुतेक गेंद जीनसवरच थांबलेत. गवतांचं पण तेच. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, नोंद राहते, उद्या कोणी गेंदावर काम करणारा आला तर त्याला कुठल्या पठारावर कधी जायचं ते कळतं.

नियमितपणाचं म्हणाल तर मी रविवारी रात्री जेवणं झाली की बसते, त्या आठवड्याचे फोटो टाकते आणि मग थोडा वेळ दुसऱ्यांच्या नोंदी बघते, जे मला ओळखता येतं तिथे नाव देते. हा दुसरा भाग कोणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं. सातारा, वाई, महाबळेश्वर भागातले सोनकी, कुरडू, टाकळा, केना असे रोजचे प्रकार कोणीतरी ओळखून बाजूला केले तर सरांसारख्या लोकांचा वेळ अवघड गोष्टींना मिळतो.

पावसाळा संपला की काय टाकणार असं विचारतात. अहो तेव्हा तर खरी गंमत. तेच झाड परत परत टाकायचं. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरचा एक पांगारा मी बाराही महिने टाकते, पानं गळली, कळ्या आल्या, फुलला, शेंगा आल्या, प्रत्येक नोंदीवर फूल आहे, कळी आहे, फळ आहे अशी खूण करता येते. एकट्या फोटोला काही अर्थ नसतो पण अशा खुणा साठत गेल्या की कुठल्या भागात काय कधी फुलतं ते कळायला लागतं. कारवीचं बघा, सात वर्षांनी एकदा फुलते हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं. त्या त्या डोंगरावर राहणाऱ्यांनी आपल्या कारवीचं साल टाकून ठेवलं तर किती चांगलं होईल.

सासूबाई जावळी खोऱ्यातल्या, त्यांना फुलांपेक्षा पानं जास्त कळतात. पहिल्या पावसानंतर त्यांना घेऊन गेले तर गवतातून बोट दाखवून म्हणाल्या, अगं ही फोडशी, फूल यायच्या आत खुडायची, मग जून होते. मी क्लोरोफायटमचे, म्हणजे या फोडशीचेच फोटो कायम पांढऱ्या फुलांसकट काढत आलेले, नुसत्या कोवळ्या पानाचा एकही नव्हता. आता त्या सांगतात तशी नोंद करते, शेवळाची कोवळी सोंड, भारंगीचा पाला, कुरडूचं कोवळं रोप, आणि वर्णनात मराठीत लिहिते की भाजी कधी आणि कशी करतात. अशी माहिती त्या जागेसह कुठे सापडत नाही.

एका बाबतीत मात्र फार काटेकोर राहा. कंदील पुष्प, सेरोपेजिया, मी पहिल्यांदा कड्याच्या तोंडाशी पाहिलं तेव्हा पायातलं बळच गेलं. लांब नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला कंदील, नळीत खाली वळलेले केस. चिलटं आत शिरतात, केसांमुळे बाहेर येता येत नाही, मग केस सुकले की परागांची पुरचुंडी घेऊन सुटतात. यातले बरेच प्रकार सह्याद्रीपलीकडे कुठेही नाहीत, आणि खाली कंद असतो, लोक उकरून नेतात. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या स्पीशीजचं ठिकाण आपोआप झाकतं, ठिपका साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं, पण नाव ठरेपर्यंत किंवा यादीत नसलेल्या प्रकाराला ते होईलच असं नाही. म्हणून मी सेरोपेजिया आणि दुर्मीळ आमरी म्हणजे ऑर्किड टाकताना लोकेशन स्वतःच ऑब्स्क्युअर्ड, म्हणजे झाकलेलं करते. वर्णनात गावाचं नाव, कड्याचं नाव, मंदिरापासून डावीकडे असलं काहीही लिहीत नाही, आणि मागे ओळखू येईल असा सुळका असेल तर तो फोटो टाकतच नाही. कोणी मेसेज करून जागा विचारली तर नम्रपणे नाही म्हणते, माणूस चांगला वाटला तरी.

आणि पाय कुठे पडतोय ते बघा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती बोटभर पण नसते, त्यातच सीतेची आसवं, दवबिंदू अशी इवलीशी झाडं एकमेकांना खेटून असतात. सीतेच्या आसवांना तर मातीत बारीक पिशव्या असतात, त्यात ते ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडतं, म्हणजे वर दिसतं त्याच्याइतकंच खालीही चाललेलं असतं. मी उघड्या कातळावरून किंवा पायवाटेवरूनच जाते आणि जिथून हात पोचत नाही ते फूल सोडून देते.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी कासच्या सीझनची वाट बघू नका. तुमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला लागून जे उगवलंय, गाजरगवत, घाणेरी, एकदांडी, त्यापासून या रविवारीच करा. पहिल्या नोंदीत पानाच्या मागच्या बाजूचा फोटो नक्की टाका, आणि सातारा भागातली असेल तर मी रात्री बघेनच.