नाव नाही लिहीत, कळणाऱ्यांना कळेल

रविवारी परत त्याच खानावळीत गेलो आणि परत तोंड वाकडं करून घरी आलो. वर्षातली तिसरी वेळ. पहिल्यांदा वाटलं गर्दी होती म्हणून असेल, दुसऱ्यांदा वाटलं आचारी सुट्टीवर असेल, आता अजून किती पांघरूण घालायचं?

गिरणगावातली जुनी जागा आहे. आमचे मोठे काका गिरणीत होते, १९८२ च्या संपाच्या आधी ते असल्याच खानावळीत महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवायचे, त्यामुळे बाबांना अशा ठिकाणांबद्दल जरा जास्तच माया. मीही लहानपणापासून तिथली सुरमई खात आलेय. तेव्हा बोटभर जाडीची तुकडी असायची, आता रवा खरवडून काढला तर आत मासा आहे की नाही शोधावं लागतं.

पाऊण तास रांगेत उभे राहिलो, मग दोन अनोळखी लोकांसोबत एका टेबलावर कोंबलं. वेटर म्हणाला पापलेट एकदम ताजं आहे. जुलै महिन्यात! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही माहितीये. छोट्या होड्यांचं थोडंफार येतं मान्य, पण एवढ्या रांगेला पुरेल इतकं पापलेट कुठून आणलं बाबा तू? फ्रीजरमधलं आहे म्हणून सरळ सांग ना, आम्ही खाल्लं असतं की. बोंबील नीट दाबलेच नव्हते, वरून कुरकुरीत आणि आत नुसतं पाणी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ ह्या मसाल्याचा पत्ता नाही, आणि तिरफळ नसेल तर त्याला तिखलं कशाला म्हणायचं, लाल रस्सा म्हणा.

पण हे सगळं एकवेळ चाललं असतं. सोलकढीने घात केला. गुलाबी म्हणजे अगदी रोझ मिल्कसारखी गुलाबी, लसणाचा वास नाही, कोकमाच्या आगळाचा आंबटपणा नाही, पिठूळ गोडसर चव. नारळ वाटून दूध काढायला वेळ लागतो हे मान्य आहे हो, आम्हीही घरी कधीकधी पावडर वापरतो, पण मग घरी वापरतो, वाटीचे वेगळे पैसे नाही लावत! बाबांनी एक घोट घेतला, वाटी बाजूला सरकवली आणि मला हळूच विचारलं, "हेका सोलकढी म्हणतत?"

बिल १८४० झालं, तिघांचं. गल्ल्यावरच्या मुलाने विचारलं कसं होतं काका, तर बाबा म्हणतात "बरां होता". मी रागाने बघितलं तर बाहेर आल्यावर म्हणाले, अगं त्याच्या आज्याने आपल्या दादाला उधारीवर जेवू घातलंय, त्याला काय सांगू. आता ह्याच्यावर मी काय बोलणार.

घरी पोचेपर्यंत साडेतीन वाजले आणि तिघांनाही भूक होतीच. आईने डब्यातलं सुकट भाजलं, कांदा, ओलं खोबरं, मिरची, थोडं आगळ, दहा मिनिटांत किसमूर आणि सकाळचा भात. पावसाळ्यात खरंतर हेच खायचं असतं हे आम्हाला कोकणातली माणसं असून आठवलं नाही, चूक आमचीही आहेच थोडी. बाबांनी दोनदा भात घेतला. आणि हात धुता धुता म्हणतात काय, नारळीपौर्णिमेनंतर एकदा जाऊन बघूया परत.