'ते शाळेतलं आहे'

"सव्वा किलोचे साडेसदतीस, कोथिंबिरीचे दहा. बाई, पंचेचाळीसच द्या, वरचे अडीच सोडले."

बुधवारच्या बाजारात टोमॅटो तोलणारा सहावीतला पोरगा. मी शंभराची नोट दिली, त्याने पंचावन्न परत दिले. बोटंसुद्धा मोडली नाहीत.

माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. पावतीच्या मागे लिहून दिलं: ३० × १.२५. बघितलं आणि कागद परत केला. "हे नाही येत. ते शाळेतलं आहे."

मग सव्वा किलोचे कसे काढलेस? "किलोचे तीस, पावाचे साडेसात." म्हणजे वितरणाचा नियम (संख्येचे भाग पाडून गुणायचं, मग बेरीज), तोही तराजू हातात धरून!

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला २०२५ चा अभ्यास हेच सांगतो. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुलं तोंडी हिशोबात पक्की, पण वहीतल्या गणितात अडतात. नुसती शाळेत जाणारी मुलं याच्या उलट.

आपल्याकडे शाळेत वर्षातून एकदा बाल आनंद मेळावा भरतो. मुलं भेळ विकतात, फोटो ग्रुपवर जातात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा उभी मांडणी.

दशांशाचा पहिला तास टोमॅटोच्या भावापासून सुरू केलाय का कुणी? कसा झाला?